धावेचे दगड

फॉस्फरसच्या बरणीतलं पाणी कमी झालं असेल, ही शंका मला शाळा सुटल्यावर आली. पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो. पाणी आटून तो उघडा पडला, की नुसत्या हवेने पेट घेतो. बरणी वरच्या मजल्यावर, प्रयोगशाळेत होती. उखा शिपाई घरी गेला होता. आणि वर जायला एकच लाकडी जिना — उभा, अरुंद, कठडा नसलेला.

मी चढले. कशी चढले ते कोणाला दिसू नये, म्हणून तर इमारत रिकामी होण्याची वाट पाहिली होती. पायरीवर पाठमोरं बसायचं, दोन्ही तळहात वरच्या पायरीवर टेकायचे, डाव्या पायाने जोर द्यायचा आणि उजवा पाय मागून ओढून घ्यायचा. तो लहानपणीच तापात गेला होता. मांडीपासून बुटापर्यंत त्याला दोन लोखंडी पट्ट्या होत्या, आणि पातळाच्या निऱ्यांखाली त्या दिसत नाहीत असं मी मानत असे.

बरणीतलं पाणी खरंच उतरलं होतं. ते भरलं, झाकण घट्ट केलं. परत येताना मात्र जिन्याच्या मध्यावर, दोन फळ्यांच्या फटीत एक पट्टी अडकली. वर सरकता येईना, खाली येता येईना. खालची फरशी खोल विहिरीसारखी वाटू लागली. ओरडावं, तर लोक मला अशी बसलेली पाहणार. न ओरडावं, तर अंधार पडणार…

तेवढ्यात खाली दार वाजलं.

"कोण शे वर?"

पुरुषाचा आवाज. अनोळखी.

"मी… विज्ञानाची बाई."

तो जिन्याच्या तळाशी आला. खाकी पँट, हातात टेप, कानावर पेन्सिल. मला पाहताच त्याची भाषा एकदम शाळेतली झाली.

"बसलात का अशा?"

"वारा येतो इथे."

"या जुन्या जिनिंगच्या बंद इमारतीत? जिन्यावर?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग फटीकडे. आता हा धावत वर येणार, मला उचलणार. पण तो हलला नाही.

"मी काय करू ते तुम्ही सांगा," तो म्हणाला.

असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"खालच्या बाजूने ती फळी जरा वर दाबा," मी म्हणाले. "आणि पट्टी सुटली की… तोंड फिरवून उभे राहा. मी सांगेपर्यंत."

त्याने फळी दाबली. पट्टी सुटली. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी एकेक पायरी घसरत खाली आले. लोखंड लाकडावर वाजत होतं, ते त्याला ऐकू येत असणार. त्याने मान वळवली नाही.

"झालं," मी म्हणाले.

"मी रूपचंद. कळसाडीचा. छपराच्या दुरुस्तीचं माप घ्यायला आलोय, ओव्हरसियर आहे." मग अगदी गंभीर चेहऱ्याने, "वारा खरंच येतो हो इथे."

मला हसू आलं. आणि लगेच भीती वाटली — कारण हसू आलं होतं.

*

आमची शाळा शहादा तालुक्यात, तापीच्या काठच्या एका गावात, एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, भरत असे. जिनिंगचे मालक चुनीलालभाई. त्यांनी इमारत शाळेला दिली आणि कमिटीचे चेअरमन झाले. खाली वर्ग होते. वरच्या मजल्यावर, जिथे एके काळी कपाशीतून सरकी वेगळी करणारी यंत्रं होती, तिथे प्रयोगशाळा — प्रयोगांचा घाण वास गावाच्या डोक्यावरून निघून जावा म्हणून. अजूनही छपराखालच्या लाकडी कैच्यांत कापसाचे तंतू लोंबत असत.

माझी मुलाखत खालच्या खोलीत झाली होती. जिन्याबद्दल कोणी विचारलं नाही. उखा बाटल्या खाली आणून देई आणि मी वर्गातच प्रयोग करून दाखवी. एक पावसाळा तसा निघून गेला.

मग कार्तिकात हेडमास्तरांनी मला बोलावलं.

"सिंधुबाई, मार्गशीर्षात इन्स्पेक्टरसाहेब येताहेत. विज्ञानाची मान्यता कायम करायची आहे. मुलं प्रयोगशाळेत, स्वतःच्या हातांनी प्रयोग करताना दिसली पाहिजेत. बाई तिथे हजर पाहिजे."

"हो सर."

"तुम्ही… वर जाता ना?"

मी उत्तर देण्याआधीच बाजूच्या खुर्चीतून चुनीलालभाई म्हणाले, "अहो मास्तर, सरळ विचारा ना. बाईला वर जाता येत नाही, हे उखाने मला सांगितलं. आता जिना बदलायचा, की बाई?"

ते चिडून बोलले नाहीत. भाजी निवडावी तसं बोलले. म्हणून जास्त भीती वाटली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. बी.एस्सी. होण्यासाठी मी जे काही केलं होतं ते या एका नोकरीत येऊन थांबलं होतं. कोरीटला घरी परत गेले, तर वडील काही म्हणाले नसते. फक्त ओसरीवर माझी एक जागा ठरून गेली असती, आणि त्या जागेवरून मी पुन्हा उठले नसते. मला जिन्यापेक्षाही त्या ओसरीची भीती होती.

*

रूपचंद छपराच्या कामासाठी येऊ लागला. कळसाडीहून सायकलने. छपरावर कौलं किती फुटली होती कोण जाणे, पण काम संपत नव्हतं.

मी राहत होते जसोदाबाईंच्या घरी. त्या विधवा, उंचपुऱ्या, आणि जिभेला हाड नाही. त्या एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "काय व सिंधू, तो ओव्हरसियर रोज का बर येस? शाळानी कौलं इतली फुटेल शेतस का?"

"मला काय माहीत मावशी?"

"तुले नही माहीत. मले माहीत शे. मी आंधळी नही."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो आवारात उभा होता, मान वर करून. इमारतीच्या मागच्या भिंतीत, वरच्या मजल्याच्या उंचीवर, एक मोठं दार होतं. खाली काही नाही. पायरी नाही, सज्जा नाही. हवेत उघडणारं दार.

"हे दार कशाला, सिंधुबाई?"

"मला त्या दाराची भीती वाटते, रूपचंदभाऊ. आतून अडसर आहे, पण वाऱ्याने हलतं. मुलं उखाबरोबर वर गेली की माझं लक्ष तिकडेच असतं."

"एक सांगू? भाऊ म्हणू नका. कळसाडीतलं अर्धं गाव मला भाऊ म्हणतं. तेवढ्या बहिणी पुरे."

"मग काय म्हणू?"

"म्हणू नका काही. नुसतं बोला… मला कळेल."

मी खडूची पूड हातावरून झटकू लागले. ती आधीच झटकून झाली होती.

दाराचं कोडं जसोदाबाईंनी सोडवलं. त्या माझा डबा घेऊन आल्या होत्या. "आरे, ह्या दारमातून तं आम्ही कपाशी लई जाऊत! डोकावर पाटी, कमरले पोर. आठे मोठा उतार व्हता, खालपासून वरपावत. जिना तं फक्त इंजिनवालासाठे. आम्हना बाया कधी जिनावर चढन्यात नहीत."

"मग उतार गेला कुठे?" रूपचंदने विचारलं.

"जिनिंग बंद पडनी. माती लोके गाड्या भरी भरी वावरमा लई ग्यात."

रूपचंद दाराकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच त्याने माझ्या बुटाकडे उघडपणे पाहिलं — लपवून नाही, दयेने नाही. एखाद्या तुळईकडे पाहावं तसं.

"उतारावर चढता येतं तुम्हाला?"

"सावकाश. डांबरी रस्त्याचा चढ मी चढते."

"मग उतार बांधू."

"चेअरमन माझ्यासाठी उतार बांधतील?"

"तुमच्यासाठी कशाला? त्यांच्या वडिलांच्या जिनिंगसाठी बांधतील." आणि तो हसला. "दगडाची काळजी करू नका. आमच्या विहिरीवर या वर्षी तेलाचं इंजिन बसवलं. मोट बंद झाली. धाव तशीच पडून आहे. चांगला घडीव दगड आहे तिचा."

विहिरीवर बैल मोट ओढतात तो उतार म्हणजे धाव. त्या दगडांवर त्याचे आजोबा बैलांमागे चालले असतील. मी म्हणाले, "घरचे काय म्हणतील?"

"बाप म्हणाला, कोणासाठी? मी म्हणालो, शाळेसाठी. बाप म्हणाला, शाळेचं नाव काय?"

मी डबा उचलून वर्गात गेले. डबा रिकामा होता की भरलेला, हे मला आत गेल्यावरही सांगता आलं नसतं.

*

चुनीलालभाई खरंच राजी झाले. जुन्या दिवसांतली जिनिंग पुन्हा उभी राहणार, म्हणून खुर्ची टाकून काम पाहायला बसू लागले. कळसाडीहून बैलगाड्यांतून दगड आले. गवंडी होते दोधूबाबा, विहिरी आणि धावा बांधण्यात आयुष्य गेलेले. काळ्या मातीत पाया बसत नाही, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, म्हणून त्यांनी खाली खोल मुरूम भरला. काम झपाट्याने झालं.

रोज संध्याकाळी रूपचंद मला प्रगती सांगायचा आणि मी न विचारल्यासारखं ऐकायचे.

"हे तुम्ही दुसऱ्या कोणासाठी केलं असतं?" एकदा मी विचारलं. उत्तर 'हो' असणार, अशी मला खात्री होती. तसं उत्तर सोपं असतं. आभार मानून विषय संपवता येतो.

त्याने जरा विचार केला. "नाही," तो म्हणाला.

मी आभार मानू शकले नाही.

मग तो दिवस आला. दोधूबाबांनी पागोटं नीट बांधलं, नारळ फोडला. उतार आवाराच्या कडेपासून सरळ त्या हवेतल्या दारापर्यंत गेला होता. मजबूत, देखणा. मी त्याच्या पायथ्याशी उभी राहिले आणि वर पाहिलं. तो उभा होता. फार उभा.

पण सगळे पाहत होते. चुनीलालभाई, हेडमास्तर, जसोदाबाई, आवारात जमलेली मुलं… आणि तो. नाही म्हणणं मला जमलं नाही.

चढताना धड पाय आधी, हा नियम. डावा पुढे टाकला, उजवा ओढला. पुन्हा डावा. बाजूला धरायला काही नव्हतं. अर्ध्यावर पोहोचले. तिथे दगडावर बारीक रेती होती. उजव्या बुटाचा तळ सरकला, पट्ट्यांची गुडघ्यावरची कडी ताठच राहिली, आणि पूर्ण शरीर मागे जाऊ लागलं. आपण पडतो आहोत हे कळण्याइतका वेळ असतो, हे वाईट असतं. मी हातांवर पडले. तळवे सोलले. घसरत खाली येत होते तोच रूपचंदने माझं मनगट धरलं.

"सोडा," मी म्हणाले.

"पडाल."

"पडलेलीच आहे. सोडा."

त्याने सोडलं. मी बसल्या बसल्या खाली आले. त्याच पद्धतीने — जी मी कोणालाच दाखवत नसे. एकही मूल हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

दोधूबाबांचा चेहरा काळा पडला होता. "इतल्या धावा बांध्यात मी, आजपावत एक बैल पडना नही!"

"बाबा," मी म्हणाले, "मी बैल नही शे."

जसोदाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग दोधूबाबाही हसले. चुनीलालभाई मात्र हसले नाहीत. खुर्ची उचलायला सांगून ते हेडमास्तरांना म्हणाले, "माझ्याकडून झालं. आता दुसरी बाई बघून ठेवा."

*

त्या संध्याकाळी रूपचंद जसोदाबाईंच्या ओट्यापाशी आला. वर आला नाही. मी दारात बसले होते, तळव्यांना हळद लावून.

आणि मग मला दिसलं, तो लंगडत होता. त्याने उजव्या पायाला दोन कामट्या बांधल्या होत्या, मांडीपासून टाचेपर्यंत. पँटला माती, कोपर खरचटलेलं.

"हे काय?"

"चढून पाहिलं. सगळे गेल्यावर." तो अपराधी हसला. "दोनदा आपटलो."

मला राग आला. इतका, की मीच दचकले. "सोडा ते. कामट्या सोडा आधी! तुम्ही त्या सोडून घरी चालत जाणार. माझा पाय म्हणजे तुमचा एका संध्याकाळचा खेळ आहे का?"

तो खाली बसला आणि मुकाट्याने सुतळ्या सोडू लागला. गाठ सुटेना. आतून जसोदाबाईंचा आवाज आला, "विळा देऊ का रे भो?"

"चुकलं माझं," तो हळू म्हणाला. "मला कळत नव्हतं. दगड चांगला, पाया चांगला, मग चुकलं कुठे? म्हणून…"

राग उतरायला वेळ लागला. पण प्रश्न बरोबर होता, आणि बरोबर प्रश्नाला उत्तर न देणं मला जमत नाही.

"बैल धावेवर कधी जोर लावतो?" मी विचारलं.

"उतरताना. उतरत जातो तसा मोट वर येते."

"म्हणून धाव उभी ठेवतात. उतार त्याला ओढायला मदत करतो. बैलाचं वजन कामाला येतं." मी थांबले. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. "मला मदत करणारा उतार नको. चढताना फक्त दम लागतो. उतरताना मात्र माझं वजनच मला ढकलतं, आणि अडवायला एकच पाय असतो. सगळे विचारतात, वर जाता येतं का… खाली येता येतं का, हे कोणी विचारत नाही. मला खरी भीती उतरण्याची वाटते."

तो माझ्याकडे पाहत राहिला. हातात सुतळी तशीच.

"मग किती लांब हवा?"

"उद्या वर्गात या," मी म्हणाले.

तो आला. खिडकीबाहेर उभा राहिला. मी मुलांना तिरप्या फळीचा प्रयोग करून दाखवत होते. लाकडी फळी, चाकांची छोटी गाडी, स्प्रिंगचा काटा. फळी उभी केली, की काटा खाली उतरे. फळी लांब आणि निजलेली ठेवली, की गाडी बोटाने थांबे.

"म्हणजे लांबी वाढवली की जोर कमी लागतो," मी मुलांना सांगितलं. "पण तेवढंच जास्त चालावं लागतं. निसर्ग फुकट काही देत नाही."

"जास्त चालायला हरकत नाही," खिडकीतून हळूच आवाज आला. "सोबत असेल तर."

पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींना ढोसू लागल्या. मी काटा पुन्हा वाचला. दोन्ही वेळा वेगळा आला.

*

नवा उतार आवारात सरळ मावत नव्हता. म्हणून मागच्या भिंतीच्या कडेने तो न्यायचा, कोपऱ्यावर एक सपाट जागा सोडायची, तिथे थांबून दम घ्यायचा, आणि मग वळून दारापर्यंत. दगडाला टाकीचे घाव घालून खडबडीत करायचं. दोन्ही बाजूंना, माझ्या कोपराच्या उंचीवर, सागाचा कठडा. चुनीलालभाईंनी "स्वतःच्या हिमतीवर करा" म्हणून हात झटकले. दोधूबाबांनी मात्र आपणहून पहार उचलली. "बैलसना हिसाब वेगळा, बाईना हिसाब वेगळा," ते पुटपुटत होते. "आधी सांगतीस तं दगड दोनदा उचलना नही पडता."

दिवस कमी होते. रूपचंद स्वतः दगड वाहत होता. हेडमास्तर मला पाहिलं की घड्याळ पाहत. कोणा एका पदवीधर मुलाचा अर्ज धुळ्याहून आला आहे, असं उखाने मला सांगितलं. ते त्याला माझ्याबद्दल वाईट वाटून सांगायचं होतं की मजा वाटून, ते कळलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी अवकाळी आभाळ आलं. दुपारी पाऊस पडला — मार्गशीर्षातला, थंड, बोचरा. वेचणीला आलेली कपाशी शेतोशेती भिजली आणि आवारात काळा चिखल झाला. मी खिडकीतून उताराकडे पाहत होते. ओला दगड चकाकत होता. चुना अजून पुरता सुकला नव्हता. भरलेला मुरूम बसला तर? मध्येच खचला तर? मी वर असताना…

जसोदाबाईंनी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. "भ्याव वाटस?"

"हो मावशी."

"उताराना का त्याना?"

मी घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

*

सकाळी ऊन पडलं, पण दगड ओलाच होता. इन्स्पेक्टरसाहेब जीपमधून उतरले. चुनीलालभाई पांढरी टोपी घालून पुढे. रूपचंद कठड्यापाशी उभा होता. रात्रभर झोपला नव्हता, हे डोळ्यांवरून दिसत होतं.

मी साहेबांच्या पुढे चालू लागले. ते मागे, हेडमास्तर त्यांच्या मागे. कडी ताठ केली. डावा पाय, मग उजवा. लोखंड वाजत होतं आणि पूर्ण आवारात दुसरा आवाज नव्हता. कठडा ओला, गार. कोपऱ्यावरच्या सपाट जागेवर थांबले. इथून खाली पाहू नये, हे ठरवलं होतं, तरी पाहिलं. मुलांचे चेहरे वर वळलेले होते. पाय खडबडीत दगडावर टेकला… आणि टिकला. पुन्हा टेकला, पुन्हा टिकला. मुरूम हलला नाही.

ते दार उघडं होतं. मी आतापर्यंत ते कायम बंदच पाहिलं होतं. मी आत गेले.

वर माझ्या वर्गातली मुलं आधीच टेबलांपाशी उभी होती. परीक्षानळ्या, दिवे, लिटमस. एका मुलीच्या नळीत निळा अवक्षेप आला आणि ती इन्स्पेक्टरांना विसरून ओरडली, "बाई, आला!" मी तिच्याजवळ गेले, मग पुढच्या टेबलाकडे. स्वतःच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा मुलांमध्ये फिरत होते. तास संपेपर्यंत कोणी मला खाली बसायला सांगितलं नाही.

साहेबांनी बरंच लिहिलं. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "विज्ञान ठीक आहे. बाईंना कायम करून घ्या." आणि जिन्याकडे एकदा पाहून, पोटावरचा पट्टा सावरत, तेही उताराकडे वळले. चुनीलालभाई त्यांच्या मागे. "आमच्या वडिलांच्या काळात इथूनच कपाशी वर जायची, साहेब," असं सांगत.

मुलं गेली. मी दारात उभी राहिले.

काम झालं होतं. नोकरी राहिली होती. आणि तरी मी उंबऱ्यावरच थांबले होते, कारण समोर उतार होता — ओला, खाली जाणारा. खालून रूपचंद चढून आला.

"छपराचं काम आज संपलं," तो म्हणाला. "मला अक्कलकुव्याच्या रस्त्याच्या कामावर टाकलंय. परवा जायचं."

"बरं," मी म्हणाले.

"हात देऊ? खाली जायला?"

"हात नको." मी कठडा धरला. "माझ्याबरोबर चाला. आणि बोलत राहा. शांत झालं की मला खालचं दिसतं."

"काय बोलू?"

"काहीही."

उतरताना अधू पाय आधी. मी उजवा पाय पुढे टाकला. तो बाजूने चालू लागला, आणि बोलू लागला. चुन्याबद्दल. मुरूम कुठून आणला त्याबद्दल. कळसाडीच्या केळीबद्दल, ज्या या पावसाने आडव्या झाल्या असतील. तो फार वाईट बोलत होता, मध्येच अडखळत, वाक्यं अर्धी सोडत. मी पायाकडे पाहत होते आणि त्याचा प्रत्येक शब्द ऐकत होते.

"…आमच्या घराला ओटा आहे. उंच. पुराच्या भीतीने बांधलेला. पायऱ्या आहेत, पण नीट नाहीत. मी मोजल्या काल. म्हणजे मोजायला नको होत्या, पण…"

आम्ही कोपऱ्यावरच्या सपाट जागेवर पोहोचलो. मी थांबले. तोही थांबला. त्याची शाळेतली मराठी तिथे संपली.

"सिंधू," तो म्हणाला, "मन्हा घर येशी का?"

मला वाटलं होतं, असं काही कधी कोणी विचारलं तर मला आनंद होईल. झाली ती भीतीच. नेहमीची, ओळखीची. अनोळखी घर, त्याची आई, अंगण ओलांडताना पाहणारी माणसं, मी पडले तर धावत येणारे हात… सगळं एका क्षणात दिसून गेलं. पण पायाखालचा दगड सपाट होता, आणि उत्तर द्यायला घाई नव्हती. तो वाट पाहत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तोही घाबरला होता, माझ्याहून जास्त.

"येसू," मी म्हणाले. कोरीटच्या घराबाहेर मी त्या भाषेत कोणा पुरुषाशी पहिल्यांदाच असं बोलत होते. "पन त्या ओटाले धड उतार कर. वर येवाले नही. मले रोज सकाळे उतरीसन शाळामा जानं शे."

मी उजवा पाय पुढे टाकला. उरलेला उतार तो एक शब्दही बोलला नाही. मी एकटीच बोलत होते.